रक्तातलं तांबं उतरलं, यकृतातल्याचं काय?

पत्राचा सारांश : पत्रलेखिकेच्या धाकट्या भावाला विल्सन डिसीज, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा आनुवंशिक आजार आहे. वय १९, वजन ५२ किलो. दोन वर्षांपूर्वी निदान झालं. तेव्हापासून पेनिसिलामाइन हे शरीरातलं तांबं बाहेर काढणारं औषध चालू आहे आणि यकृत बऱ्यापैकी सावरलं आहे. पण रोजच्या गोळ्या आणि उपाशीपोटीच्या वेळा सांभाळून तो वैतागला आहे. पत्रलेखिका रसायनशास्त्राची पदवीधर. उंदरांना चांदी खाऊ घातली की त्यांच्या रक्तातलं तांबं झपाट्याने उतरतं, असं तिच्या वाचनात आलं आणि तिने ते भावाला सांगितलं. त्याने कोलॉइडल सिल्व्हरची, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेल्या द्रवाची बाटली मागवली. लेबलवर १० पीपीएम लिहिलेलं. गेले तीन आठवडे तो रोज दोन चमचे घेतो आहे आणि याच काळात त्याने दुपारची गोळी परस्पर बंद केली आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत रक्तातलं तांबं ४८ वरून २९ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आलं, सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं धरून ठेवणारं प्रथिन) ११ वरून १० मिलिग्रॅमवर. लॅब या वेळी वेगळी होती. घरच्यांना आणि डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नाही. ती विचारते : “आकडे सुधारलेत, मग हे चालू ठेवायला काय हरकत आहे? डॉक्टरांना सांगितलं तर भाऊ माझ्याशी पुन्हा मोकळेपणाने बोलणार नाही.” – एक ताई

नमस्कार,

तुमचं पत्र वाचून मला धास्ती वाटली ती चांदीपेक्षा त्या सुटलेल्या दुपारच्या गोळीची. त्यामुळे रसायनशास्त्र थोडं मागे ठेवते.

विल्सन डिसीजमध्ये उपचार सोडलेल्या माणसाला बरेच दिवस काहीच जाणवत नाही. तब्येत ठीक असते, उलट गोळ्यांचा त्रास नसल्याने बरंच वाटतं. आणि मग यकृत अचानक निकामी होतं. असे रुग्ण वैद्यकीय नोंदींमध्ये पुरेसे आहेत. तुमच्या भावाने औषध पूर्ण सोडलेलं नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. सुटलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम जास्त घेऊ नयेत. पेनिसिलामाइनची आणखी एक खोड आहे : मध्ये खंड पडून ते पुन्हा सुरू केलं की काहींना ताप, पुरळ अशी ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येते. म्हणून दुपारची गोळी कशी, किती आणि कधीपासून घ्यायची, हे त्यांनीच सांगितलेलं बरं. मी डॉक्टर नाही. यकृताचं जैवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी वर्षं गेली, तेवढ्या अधिकाराने पुढचं लिहिते आहे.

आता तुमचा मूळ विचार. चांदी तांब्याच्या विरुद्ध जाते, भावाच्या अंगात तांबं जास्त झालं आहे, म्हणून चांदी उपयोगी पडेल. यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. तिसऱ्यावर उडी मारताना मधला एक प्रश्न सुटला : विरुद्ध जाते म्हणजे नेमकं कुठे आणि काय करते?

अन्नातलं तांबं आतड्यातून शिरेवाटे थेट यकृतात येतं. यकृताच्या पेशीवर सीटीआर१ नावाचं वाहक प्रथिन असतं, ते तांब्याला एकभारित (एकच धन विद्युतभार असलेल्या) रूपात आत घेतं. पेशीत तांब्याचा आयन मोकळा फिरत नाही, मोकळा फिरला तर तो नासधूस करतो. एटॉक्स१ नावाचं छोटं प्रथिन त्याला धरून एटीपी७बी या पंपापर्यंत पोचवतं. हा पंप दोन कामं करतो. रक्तात सोडायच्या सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात तांबं भरलं जातं ते याच्यामुळे; एका रेणूत सहा अणू. आणि जे जास्तीचं उरतं, ते तो पित्तात ढकलतो. शरीरातून तांबं बाहेर पडण्याचा मुख्य रस्ता पित्ताचाच.

विल्सनमध्ये बिघडलेला असतो तो हाच पंप. १९१२ साली किनियर विल्सन यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. त्यामागचं जनुक सापडायला १९९३ साल उजाडावं लागलं. पंप बंद म्हणजे दोन्ही कामं बंद. तांबं पित्तात जात नाही आणि यकृतात साठत राहतं. सेरुलोप्लाझ्मिन तयार होतं, पण रिकामं, आणि रिकामं सेरुलोप्लाझ्मिन काही तासांत मोडून जातं. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिनमध्येच असतं. त्यामुळे या आजारात यकृत तांब्याने भरत असताना रक्तातलं एकूण तांबं बहुधा कमीच दिसतं.

हे पुन्हा एकदा वाचा, कारण तुमचा सगळा युक्तिवाद इथे अडतो. भावाचं निदान झालं त्या वेळचा रिपोर्ट काढून बघा. निरोगी माणसात रक्तद्रवातलं तांबं साधारण ७० ते १४० च्या दरम्यान असतं. त्याचा आकडा तेव्हाही याखाली असण्याची शक्यता दाट आहे. म्हणजे आजार सगळ्यात जोरात होता, तेव्हाही हा आकडा “चांगला”च होता. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं, विल्सनमध्ये ते बहुधा २५० च्या वर जातं. आणि हा आकडा रक्ताच्या नळीत दिसत नाही. खिशातलं पाकीट हलकं झालं म्हणून कोणी कर्ज फिटल्याचा आनंद करत नाही.

मग चांदी काय करते? नियतकालिक सारणीत ती तांब्याच्याच गटात, त्याच्या खालच्या घरात बसते. एकभारित तांबं आणि एकभारित चांदी, दोघांचंही बाहेरचं डी कवच दहा इलेक्ट्रॉनांनी भरलेलं. दोघांनाही गंधकाची ओढ. १९७० मध्ये हिल आणि मॅट्रोन यांनी एक कल्पना मांडली होती : ज्या धातूंची इलेक्ट्रॉनरचना सारखी, ते शरीरात एकमेकांच्या जागा बळकावतात. चांदी-तांबं हे त्याचं छान उदाहरण. सीटीआर१ चांदीलाही आत घेतं. यकृतातलं मेटॅलोथायोनिन हे धातू पकडणारं प्रथिन तिला घट्ट धरून ठेवतं. प्रयोगशाळेत एकभारित तांब्याच्या वाटा शोधायला चांदीचा खुणेसारखा वापर करतात, तो याच साम्यामुळे.

साम्य संपतं ते काम करायच्या वेळी. तांब्याच्या एन्झाइमांचं बरंचसं काम तांबं एकभारित-द्विभारित असं येजा करू शकतं यावर चालतं. इलेक्ट्रॉन घ्यायचा, पुढे द्यायचा, पुन्हा घ्यायचा. चांदीला शरीरातल्या परिस्थितीत हे जमत नाही. ती जागेवर जाऊन बसते आणि नुसती बसूनच राहते.

तुमच्या वाचनात आले ते बहुधा रशियन संशोधकांचे प्रयोग असणार. त्यांनी उंदरांचे दोन गट घेतले. प्रौढ उंदरांच्या एका गटाला महिनाभर चांदीयुक्त आहार दिला, दुसऱ्याला जन्मापासून सहा महिने. पहिल्या गटात रक्तातल्या तांब्याचे निर्देशांक धाडकन कोसळले. सेरुलोप्लाझ्मिनमध्ये तांब्याच्या जागी चांदी आढळली. दोन्ही गटांत चांदी रक्तात उतरली आणि यकृतात साठली. पेशीतल्या एसओडी१ या दुसऱ्या तांबेधारी एन्झाइमात मात्र ती शिरलेली नव्हती. मला स्वतःला यातला सगळ्यात रंजक भाग सहा महिन्यांच्या गटाचा वाटतो. त्यांचे निर्देशांक निम्म्यापर्यंतच उतरले होते, कारण यकृताबाहेरच्या ऊतींनी सेरुलोप्लाझ्मिन बनवून रक्तात सोडायला सुरुवात केली असावी, असं संशोधकांचं म्हणणं. शरीराने चांदीच्या अडथळ्याला वळसा घातला.

आता या प्रयोगांतून तुम्ही काढलेला अर्थ आणि त्यांनी दाखवलेली गोष्ट शेजारी ठेवा. यकृत सेरुलोप्लाझ्मिनमधून रक्तात जे तांबं पाठवतं, ते पाठवणं चांदीने बिघडवलं. रक्तातलं तांबं उतरलं ते त्यामुळे. विल्सनच्या रुग्णाला हवं आहे ते यकृतातलं तांबं कमी होणं. ते पित्तातून, लघवीतून किंवा शौचावाटे बाहेर पडणं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. शिवाय त्या उंदरांचा एटीपी७बी पंप धडधाकट होता. जी पायरी चांदीने त्यांच्यात मोडली, ती तुमच्या भावात जन्मापासून मोडलेलीच आहे. त्याच्या यकृतावर चांदीचा थर चढवून आपण एका धातूने गांजलेल्या अवयवाला दुसरा धातू सांभाळायला देतो. चांदीसुद्धा शरीरातून जाते ती मुख्यतः पित्तावाटेच.

तुम्ही रसायनशास्त्र शिकलेल्या आहात, म्हणून पुढची शंका तुम्ही काढालच : मग विल्सनमध्ये जस्त कसं देतात? तेही तांब्याच्या विरुद्ध जाणारंच. हो, आणि ते मान्यताप्राप्त औषध आहे. झिंक ॲसिटेटला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मंजुरी दिली. पण जस्ताचा कारभार आतड्यात चालतो. जस्तामुळे आतड्याच्या अस्तराच्या पेशी भरपूर मेटॅलोथायोनिन बनवतात. अन्नातलं तांबं त्याला चिकटून तिथेच अडकतं. या पेशी काही दिवसांत आपोआप गळून पडतात आणि तांबं शौचावाटे निघून जातं. तांबं यकृतापर्यंत पोचायच्या आधीच अडवलं जातं. चांदीच्या प्रयोगांत गडबड यकृताच्या आत, रक्ताकडे जाणाऱ्या वाटेवर झाली. दोन्ही धातूंवर “तांब्याचा विरोधक” अशी एकच चिठ्ठी लावली की हा फरक दिसेनासा होतो. मला वाटतं तुमची गफलत तिथे झाली, आणि ती समजण्यासारखी आहे.

एक बाजू मात्र तुमच्यातर्फे मांडायला हवी, म्हणजे उगाच घाबरणं टळेल. १० पीपीएम म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटरमध्ये साधारण ०.१ मिलिग्रॅम चांदी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तोंडावाटे रोज घेतल्या जाणाऱ्या चांदीसाठी किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम हा संदर्भ-आकडा ठरवला आहे. ५२ किलोला तो ०.२६ मिलिग्रॅम होतो. लेबल खरं असेल तर तुमचा भाऊ त्याच्या खालीच आहे. उंदरांना दिलेली चांदी वजनाच्या मानाने याच्या कितीतरी पट होती. तीन आठवड्यांत फार मोठं नुकसान झालं असेल असं मला वाटत नाही.

पण हाच हिशेब उलटा फिरवून बघा. इतक्या थोड्या चांदीने रक्तातलं तांबं ४८ चं २९ झालं, हे कितपत संभवतं? फारसं नाही. आणि आकडा खरोखर हलवण्याएवढी चांदी घ्यायची ठरवली, तर ती जे करेल ते तर आपल्याला नकोच आहे. शिवाय तो संदर्भ-आकडा ठरवला गेला तो त्वचेचा रंग बदलण्याच्या धोक्यावरून. विल्सनच्या यकृताला किती चांदी पेलेल, याबद्दल तो काही सांगत नाही. आणि बाटलीवर छापलेलं प्रमाण आत असेलच याची हमी कोण देणार? कोलॉइडल सिल्व्हरची औषधं सर्वसाधारणपणे सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय त्याच अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच दिला होता.

मग आकडा उतरला कशाने? शक्यता बऱ्याच आहेत. दोन वर्षांच्या उपचारांत तो असाही हळूहळू उतरत असेल. सेरुलोप्लाझ्मिन शरीरात कुठे दाह किंवा संसर्ग असला की वाढतं. मागच्या तपासणीच्या वेळी त्याला सर्दी-ताप असेल तर तेव्हाचाच आकडा फुगलेला असू शकतो. आणि लॅब बदलली, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत, मला तर ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

सेरुलोप्लाझ्मिन दोन तऱ्हांनी मोजतात. एका पद्धतीत प्रतिपिंडं वापरून प्रथिन किती आहे ते बघतात. दुसरीत ते एन्झाइम म्हणून किती काम करतं ते बघतात. पहिली पद्धत तांबं भरलेलं, रिकामं, सगळंच प्रथिन मोजते. निरोगी माणसात दोन्ही उत्तरं जुळतात, विल्सनमध्ये ती फारकत घेऊ शकतात. चांदी दिलेल्या उंदरांतही नेमकं असंच घडतं : प्रथिन हजर, काम गैरहजर.

याचा थेट परिणाम तुमच्या भावाच्या उपचारावर होऊ शकतो. सेरुलोप्लाझ्मिनबाहेरचं, म्हणजे घातक ठरू शकणारं तांबं अंदाजण्यासाठी डॉक्टर एक ढोबळ वजाबाकी करतात : रक्तातलं एकूण तांबं वजा सेरुलोप्लाझ्मिनच्या तिप्पट. मागच्या वेळी ४८ वजा ३३, उत्तर १५. उपचार चालू असताना ५ ते १५ ठीक मानतात, म्हणजे तो सीमेवर होता. या वेळी २९ वजा ३०. उत्तर उणे एक.

तांबं उणे असू शकत नाही. हे उत्तर तब्येतीबद्दल काही सांगत नाही, मोजमापाबद्दल सांगतं. चांदी न घेणाऱ्यांच्या रिपोर्टमध्येही अशी उणे उत्तरं येतात, त्यामुळे दोष चांदीचाच असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांच्या बाजूने विचार करा. त्यांना चांदीचं माहीत नाही, दुपारची गोळी बंद आहे हे माहीत नाही. ५ च्या खाली गेलेला आकडा बघून उपचार गरजेपेक्षा जास्त होताहेत असं कोणालाही वाटू शकतं, आणि त्यांनी डोस कमी केला तर? आधीच एक गोळी सोडलेल्या मुलाचा. तुम्ही गप्प राहिलात तर रिपोर्टमधला आनंदाचा आकडाच त्याला गोत्यात आणेल.

डोळ्यांचंही तसंच. विल्सनमध्ये बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसतं, त्याला कायझर-फ्लायशर रिंग म्हणतात. कॉर्नियाच्या डेसमेट पापुद्र्यात साठलेलं ते तांबं. उपचार नीट चालले की ते फिकं होतं आणि नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पखाली ते बघत राहतात. चांदी दीर्घकाळ शरीरात गेली तर तिचे कणही डोळ्यात याच पापुद्र्यात बसतात. प्रगती मोजायची खूणच गढूळ होते. त्वचेचा निळसर-राखाडी रंग, ज्याला आर्गिरिया म्हणतात, तो तर एकदा आला की जात नाही. धातू काढणाऱ्या औषधांचाही त्यावर उपयोग होत नाही. तीन आठवड्यांत हे होत नसतं, पण “चालू ठेवावं का” असं तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते.

तेव्हा चांदी आजपासून बंद. ती उतरवण्यासाठी काही वेगळं करायची गरज नाही. आणि एका गोष्टीपासून कटाक्षाने दूर राहा. चांदी खाल्लेल्या कोंबड्यांच्या पिल्लांना जास्तीचं तांबं दिल्यावर ती सुधारली, असे १९७० च्या दशकातले प्रयोग तुमच्या वाचनात येतील. ते वाचून त्याला तांब्याची गोळी द्यायचा विचार चुकूनही करू नका. ती पिल्लं तांब्याला मुकली होती, तुमचा भाऊ तांब्याने भरला आहे.

डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. चांदी कधी सुरू केली, रोज किती घेतली, दुपारची गोळी कोणत्या दिवसापासून सुटली, हे कागदावर लिहून न्या. समोर बसल्यावर तारखा आठवत नाहीत. दोन्ही लॅबचे रिपोर्ट द्या आणि सेरुलोप्लाझ्मिन कोणत्या पद्धतीने मोजलं ते विचारा. पुढच्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करता येतील का, हेही. यकृताच्या चाचण्यांबरोबर रक्त गोठण्याची चाचणी आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं ते बहुधा करायला सांगतीलच. पेनिसिलामाइनवर स्थिरावलेल्या रुग्णात लघवीतून दिवसाला २०० ते ५०० मायक्रोग्रॅम तांबं जावं अशी अपेक्षा असते. आकडा त्याखाली आला तर दोन अर्थ निघतात : काढण्यासारखं तांबं उरलेलं नाही, किंवा गोळ्या घेतल्या जात नाहीत. कोणता अर्थ खरा, ते त्या घरात राहणारेच सांगू शकतात. लघवी गोळा करण्याआधीचे काही दिवस त्याने शहाण्यासारख्या सगळ्या गोळ्या घेतल्या आणि एरवी सोडल्या, तर ही चाचणीही फसते.

याआधीच डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पोट किंवा पाय सुजले, उलट्या थांबेनात, बोलण्यात-वागण्यात गोंधळ जाणवला, तर फोन वगैरे काही नको, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता विश्वासाबद्दल. भावाला न सांगता परस्पर डॉक्टरांना कळवू नका, असंच मी सांगेन, पण त्याला दिलेली मुदत दिवसांची नको, तासांची असू दे. तो १९ वर्षांचा आहे; आजार त्याचा आहे, फोनही शक्यतो त्यानेच करावा. तुम्ही शेजारी बसा. “मी तुला जे वाचून सांगितलं ते अर्धवट होतं, आता पूर्ण कळलंय” एवढं म्हटलंत तरी बोलणं सुरू होईल. हे पत्र त्याला वाचायला दिलंत तरी चालेल. रात्रीपर्यंत त्याने फोन केला नाही, तर तुम्ही करा आणि करणार आहात हे त्याला आधी सांगा. तो रागावेल. रागावू दे. तुम्हाला ज्या मोकळेपणाची काळजी आहे, तो एका फोनने संपण्याइतका तकलादू असता तर त्याने बाटलीचं तुमच्यापासूनही लपवलं असतं.

आई-वडिलांना कधी आणि किती सांगायचं, हे मी त्याच्यावर सोडेन.

आणि खरं सांगायचं तर त्याने बाटली मागवली ती जैवरसायनशास्त्रावर विश्वास बसला म्हणून, असं मला वाटत नाही. गोळ्या नकोशा झाल्यात. मग त्याला विचारा, नेमकं काय नकोसं झालंय? दुपारचीच गोळी सुटली, यात काहीतरी अर्थ असणार. मित्रांसमोर घ्यावी लागते म्हणून? जेवणाच्या वेळेशी जुळत नाही म्हणून? मळमळतं, तोंडाची चव जाते, अंगावर काही उठतं? या प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे. डोस सकाळ-संध्याकाळ असा बसवता येतो का, हे डॉक्टरांना विचारता येतं. पेनिसिलामाइन सोसत नसेल तर ट्रायएन्टिन हे तांबं काढणारं दुसरं औषध आहे. काही रुग्णांना यकृत स्थिरावल्यावर जस्तावर ठेवतात. जस्ताचीही कटकट आहेच. तेही जेवणापासून दूर आणि दिवसातून तीनदा घ्यावं लागतं, आणि तांबं काढणाऱ्या औषधासोबत एकाच वेळी घेऊन चालत नाही. पण निवड आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. जन्मभर एकच गोळी एकाच पद्धतीने घ्यायची आहे असं वाटलं की कोणीही बाटल्या मागवू लागेल. “गोळ्या सोडल्या होत्यास का?” या डॉक्टरांच्या प्रश्नाला “नाही” म्हणणारे रुग्ण त्यांनी रोज पाहिलेले असतात, “हो, कारण अमुक” म्हणणारा समोर आला की मदत करणं त्यांना सोपं जातं.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. विल्सन नसलेला एखादा माणूस चांदी किंवा जस्त बराच काळ आणि भरपूर घेत असेल, तर त्याच्या तपासणीत सेरुलोप्लाझ्मिन किंवा तांबं कमी दिसू शकतं आणि भलत्याच आजाराचा शोध सुरू होतो. बाजारातून आणलेली पूरकं “औषध थोडीच आहे” म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. उलट भाजलेल्या जखमेवर डॉक्टरांनी चांदीयुक्त मलम दिलं असेल, तर हे वाचून ते बंद करू नका. ते ठरावीक काळासाठी, त्यांच्या देखरेखीखाली दिलेलं असतं. जखम मोठी असेल आणि यकृताचा जुना आजार असेल, तर तेवढं त्यांच्या कानावर घाला.

शेवटी एक गोष्ट तुमच्याबद्दल. पूर्ण पत्रात भावाचे आकडे आहेत, तुमचा एकही नाही. विल्सन डिसीज दोन्ही पालकांकडून बिघडलेलं जनुक आलं तर होतो. भावाला तो आहे म्हणजे सख्ख्या बहिणीलाही असण्याची शक्यता चारात एक आहे, मग आज तुम्हाला कितीही ठणठणीत वाटत असलं तरी. भावंडांची तपासणी निदानाच्या वेळीच सुचवतात. तुमची झाली असेल तर उत्तम. राहिली असेल तर भावासोबत जाल तेव्हाच स्वतःचंही विचारा : सेरुलोप्लाझ्मिन, यकृताच्या चाचण्या, चोवीस तासांची लघवी, डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी. भावाचे जनुकातले बदल आधी शोधलेले असतील तर तुमच्यात तेवढेच बघितलं की स्पष्ट उत्तर मिळतं. आणि त्या बाटलीतलं तुम्हीही चवीपुरतं घेऊन पाहिलं असेल, तर तेही सांगा.